विधवेचा अंगठा आणि कायद्याचे कलम

परांचीवरून कोसळलेला गवंडी, उसाने भरलेली ट्रॉली उलटून तिच्याखाली सापडलेला तोडकरी, यंत्रमागाच्या कोंदट खोलीत विजेचा धक्का बसलेला विणकर यांच्या मृत्यूची वार्ता वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी विस्मृतीत जाते. पुढे काय घडते ते त्या चार ओळींत नसते. मुकादम रुग्णवाहिकेची सोय करतो, प्रेत गावी पोहोचते आणि तेराव्याच्या आधीच मुकादम पुन्हा दारात उभा राहतो. बरोबर गावातील दोन वजनदार माणसे, एक मुद्रांक आणि एक पाकीट. मृत हा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे दगावला, मालकाने केवळ माणुसकीच्या नात्याने रक्कम दिली आणि वारसांची आता कसलीही तक्रार उरलेली नाही, असा मजकूर मुद्रांकावर आधीच टंकलिखित असतो. विधवेचा अंगठा उमटतो, सासरा सही करतो आणि प्रकरण मिटले असे सर्वजण समजून चालतात. आपल्या शाखांमधील अनेक साथीही तसेच समजतात, ही खरी दुःखाची गोष्ट होय.

कायद्याच्या दृष्टीने ते प्रकरण मिटलेले नसते. कामावर असताना मृत्यू पावलेल्या कामगाराची भरपाई मालकाने परस्पर वारसाच्या हाती द्यावयाची नसून ती नुकसानभरपाई आयुक्ताकडे जमा करावयाची असते, असे १९२३ च्या कायद्याने सांगितले आहे. परस्पर दिलेली रक्कम ही भरपाई म्हणून धरलीच जात नाही. फक्त तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम अपवाद म्हणून हिशेबात घेता येते. आपला हक्क सोडून देणारा कोणताही करार कामगाराने वा वारसाने केला, तरी तेवढ्यापुरता तो करार निरर्थक ठरतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अंमलात आणून केंद्र सरकारने १९२३ चा कायदा रद्द केला. तथापि या दोन्ही तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहेत. म्हणजेच मुद्रांकावरील त्या अंगठ्याला शंभर वर्षांत कधीही कायद्याची किंमत नव्हती आणि आजही नाही. त्याला जी किंमत आली आहे ती केवळ अज्ञानामुळे आणि भीतीमुळे.

या लेखाचा विषय हाच आहे. नुकसानभरपाई, स्थलांतर आणि पोटगी हे तीन प्रश्न कष्टकऱ्याच्या घरात वेगवेगळ्या दारांनी येत नाहीत. परमुलुखात राबणारा पुरुष अपघातात मरतो, त्याच्या मागे गावी राहिलेली स्त्री वारस ठरते आणि त्याच क्षणी तिचे घरातील स्थान वादात सापडते. वकिलांच्या ग्रंथालयात या तिन्ही कायद्यांची कपाटे निरनिराळी असतील. त्या स्त्रीच्या आयुष्यात ती एकाच दिवशी उघडतात.

हिशेब समजून घ्यावा

प्रथम रकमेचा हिशेब पाहू, कारण पाकिटाचे खरे स्वरूप त्यावरूनच ध्यानात येते. मृत्यूच्या बाबतीत मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, ही कायद्याची रीत आहे. हा गुणक सोळाव्या वर्षी २२८.५४, तिसाव्या वर्षी २०७.९८ आणि चाळिसाव्या वर्षी १८४.१७ असा उतरत जातो. तीस वर्षांच्या कामगाराचे वेतन दरमहा १५,००० रुपये धरले, तर ७,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये एवढी भरपाई होते. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ५० ऐवजी ६० टक्के धरले जातात. मुकादमाच्या पाकिटात किती रक्कम असते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी या दोन आकड्यांमधील अंतर स्वतःच मोजावे.

येथेच कायद्याचा कंजूषपणाही नोंदला पाहिजे. प्रत्यक्ष वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी ते एका मर्यादेपर्यंतच धरले जाते. ही मर्यादा २०१० साली ४,००० वरून ८,००० रुपये झाली आणि नंतर जवळजवळ दहा वर्षे ती जागची हलली नाही. जानेवारी २०२० मध्ये ती १५,००० करण्यात आली. महागाई दरमहा वाढते, मरणाची किंमत मात्र दशकातून एकदा वाढते. कुशल सुतार किंवा जोडारी महिन्याला २५,००० रुपये मिळवीत असला, तरी त्याच्या मृत्यूचा हिशेब पंधरा हजारांवरच थांबावा, ही कायद्यातील उघड वर्गीय तफावत होय.

"चूक त्याचीच होती" हा मालकाचा ठरलेला बचाव. कामगाराच्या साध्या निष्काळजीपणाने भरपाईचा हक्क जात नाही. नशेत असणे, सुरक्षेचा आदेश हेतुपुरस्सर मोडणे किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकणे, एवढ्याच गोष्टी बचावाला चालतात; आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असल्यास त्याही चालत नाहीत. "तो आमचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता" हा दुसरा बचाव. मालकाच्या नेहमीच्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले जात असेल, तर भरपाई मुख्य मालकाकडूनच वसूल करता येते; मालकाने ती पुढे ठेकेदाराकडून खुशाल मागावी. "खटला लागल्यावर बघू" हा तिसरा बचाव. भरपाई निवाड्याच्या दिवशी नव्हे तर अपघाताच्या दिवशीच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींच्या पीठाने १९७५ साली सांगून टाकले आहे. १९२३ च्या कायद्याखाली थकीत रकमेवर वार्षिक १२ टक्के व्याज आणि विनाकारण विलंब केल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसतो. संहिता लागू होण्यापूर्वी घडलेल्या अपघातांचे दावे त्याच जुन्या कायद्याने चालावयाचे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

एक खुलासा आवश्यक आहे. जो कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत विमेदार आहे, त्याच्या वारसांना मालकाविरुद्ध हा दावा लावता येत नाही. त्यांना योजनेतून दरमहा आश्रित लाभ मिळतो. म्हणून कोणत्याही प्रकरणात पहिला प्रश्न असा विचारावा की, मृताच्या नावे विम्याची नोंद होती काय? दावा लावण्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे.

सुरतचा मालक, खानदेशातील वारस

आता स्थलांतराचा प्रश्न. खानदेशातून सुरतेच्या उधना-लिंबायतकडे, बीडमधून बेळगावच्या साखरपट्ट्याकडे, विदर्भातून हैदराबादच्या बांधकामांकडे माणसे जात असतात. महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी भाषक साथींना हे चित्र रोजच्या परिचयाचे आहे. मरण परराज्यात येते, मालक परराज्यात असतो, कागद परराज्यातील भाषेत असतात. कोर्टकचेरीसाठी दर तारखेला आठशे किलोमीटर कोण जाणार, या एका प्रश्नापाशी शेकडो दावे जन्माला येण्याआधीच मरतात.

या प्रश्नाचे उत्तरही कायद्यात आहे आणि ते १९९५ च्या दुरुस्तीने आले. भरपाईचा दावा अपघात झाला तेथे, मालकाचे नोंदणीकृत कार्यालय आहे तेथे, किंवा वारस जेथे राहतात तेथील आयुक्ताकडे दाखल करता येतो. मोटार अपघाताच्या दाव्यालाही दावेदाराच्या राहत्या ठिकाणचे न्यायाधिकरण चालते. पोटगीचा अर्जही पत्नी राहते तेथील न्यायालयात करता येतो. तिन्ही कायदे विधवेच्या, जखमीच्या, परित्यक्तेच्या दारापर्यंत चालत आले आहेत. ही बातमी मात्र त्या दारापर्यंत पोहोचलेली नाही, आणि ती पोहोचविणे हे सरकारी खात्याला कधीही आपले काम वाटलेले नाही.

आणखी एक तरतूद प्रत्येक शाखेच्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे. कामावरील अपघातात कोणी मृत्यू पावल्याची माहिती आयुक्ताला कोठूनही मिळाली, तरी तो मालकाला नोटीस पाठवून तीस दिवसांच्या आत लेखी निवेदन मागवू शकतो. माहिती वारसानेच दिली पाहिजे असे बंधन नाही. शाखेच्या चिटणीसाने पाठविलेले एक साधे पत्र, त्यात मृताचे नाव, दिवस, जागा आणि मालकाचे नाव, एवढ्यावर चक्र फिरू शकते. हे पत्र लिहावयास वकील लागत नाही.

उसाच्या ट्रॉलीसारख्या अपघातात वारसांपुढे दोन मार्ग असतात: मोटार वाहन कायदा किंवा भरपाई कायदा. दोन्हीकडून घेता येत नाही, एक निवडावा लागतो. मोटार वाहन कायद्यात वेतनाची कमाल मर्यादा नसल्याने रक्कम बहुधा मोठी होते. पण चालकाची चूक सिद्ध करावी लागते आणि ट्रॉलीत बसलेले लोक विम्याच्या कक्षेबाहेर होते असा आक्षेप विमा कंपन्या घेतात. चूक सिद्ध न करता १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. वाहन पळून गेले असेल तर अनुक्रमे २ लाख आणि ५० हजार.

परंतु ज्या दुरुस्तीने हे आकडे वाढविले तिनेच एक सुरी उपसली. दावा दाखल करण्याची मुदत १९९४ साली लोकांच्या मागणीमुळे काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली. ज्याचा पाय कापला गेला आहे तो सहा महिने रुग्णालयातच असतो. ज्या स्त्रीचा नवरा गेला आहे तिला सहा महिन्यांत मृत्यूचा दाखलाही हाती पडत नाही. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, असे दावे मुदतबाह्य म्हणून फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये देण्यात आला. अंतरिम आदेशावर विसंबून स्वस्थ बसणे मात्र आत्मघात ठरेल. दावा सहा महिन्यांच्या आतच पडला पाहिजे, अशी शिस्त कार्यकर्त्यांनी पाळावी.

श्रमसंहितांनी काय दिले, काय नेले

ओरिसातील दादन पद्धतीच्या अनुभवातून १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. पाच स्थलांतरित कामगार असले तरी तो लागू होत असे, आणि घर सोडून आलेल्या कामगाराला मासिक वेतनाच्या ५० टक्के किंवा ७५ रुपये, यांपैकी जे अधिक असेल तेवढा विस्थापन भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. नव्या संहितेने स्थलांतरिताची व्याख्या विस्तृत केली, ठेकेदाराविना स्वतःहून आलेल्या कामगारालाही तीत घेतले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच हाताने पाचाचा आकडा दहा केला आणि विस्थापन भत्ता गाळून टाकला. ज्यांच्या हाताखाली सात-आठ माणसे राबतात अशा असंख्य मुकादमांना त्यामुळे मोकळे रान मिळाले. केंद्रीय कामगार संघटनांनी या संहितांना विरोध केला तो याच कारणांनी, आणि तो विरोध योग्यच आहे.

कागदावरील कायदा आणि राज्यकर्त्यांची दृष्टी यांतील अंतर २०२० च्या टाळेबंदीत साऱ्या देशाने पाहिले. ८ मे २०२० च्या पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा कामगार मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशचे होते, जालन्याहून गावाकडे पायी निघाले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, टाळेबंदीत किती स्थलांतरित कामगार मेले याची आकडेवारी उपलब्ध नाही, असे केंद्र सरकारने संसदेला सांगितले. ज्या मरणाची नोंदच नाही त्याची भरपाई कोठून येणार? म्हणून नोंद ठेवणे हे कारकुनी काम समजू नये. कष्टकऱ्यांच्या बाजूने ठेवलेली नोंद हे लढ्याचे साधन आहे.

घरातील मालक

आतापर्यंत मालक घराबाहेरचा होता. आता घराच्या आत पाहिले पाहिजे, आणि हा भाग आपल्याला अधिक अप्रिय आहे.

भरपाईची रक्कम मंजूर झाली म्हणजे विधवेवर दुसरे संकट येते. सासरचे लोक म्हणतात, मुलगा आमचा होता. तू माहेरी जाशील, दुसरे लग्न करशील, पैसा घराण्यातच राहिला पाहिजे. कायद्याच्या यादीत विधवा, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली आणि विधवा आई यांचे स्थान पहिले आहे. इतर नातलगांना आपण मृतावर अवलंबून होतो हे दाखवावे लागते. वाटणी कोणी आणि किती, हे सासऱ्याने ठरवावयाचे नसून आयुक्ताने ठरवावयाचे असते. विधवेने पुनर्विवाह केला एवढ्यावरून मोटार अपघाताची भरपाई नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे. शहरात दुसरा संसार असल्यास कायद्याने अवैध अशा त्या दुसऱ्या पत्नीला विधवा म्हणून वाटा मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र मिळतो. कायद्याने मुलांना आईबापांच्या चुकीची शिक्षा दिलेली नाही. आपल्या कार्यकर्त्यांनीही देऊ नये.

आणि मरण जर त्या स्त्रीचेच असेल तर? ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल जोडीला मिळते आणि ती नवऱ्याच्या हाती पडते. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या त्या स्त्रीचे वेतन किती, असा प्रश्न न्यायालयाने विचारला म्हणजे कागदावर उत्तर नसते. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर "ती काही कमवीत नव्हती" असे सरळ लिहिले जाई. जमशेदपूर येथील १९८९ च्या आगीच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले आणि ही कोंडी काही अंशी फुटली. जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने गृहिणीच्या काल्पनिक उत्पन्नाचे तत्त्व पुन्हा ठासून मांडले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीनुसार बिनमोल घरकामात भाग घेणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतो. जो श्रम जिवंतपणी कोणी मोजीत नाही, तो मेल्यानंतर न्यायालयात मोजला जातो, हा या व्यवस्थेचा क्रूर विनोद आहे. तथापि दाव्यात तो मोजून घेणे हे आपले कर्तव्य आहे.

पोटगीच्या प्रश्नात तर धर्म, पुरुषी अहंकार आणि राजकारण यांची युती झालेली दिसते. इंदूरच्या शाहबानो या बासष्ट वर्षांच्या स्त्रीला दंडाधिकाऱ्याने दरमहा २५ रुपये पोटगी दिली होती. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेसाठी तिचा नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी तिच्या बाजूने निकाल दिला. १९८६ साली काँग्रेस सरकारने धर्मांधांपुढे नमून त्या निकालावर कायद्याची कुरघोडी केली. डाव्या पक्षांनी त्या विधेयकाला विरोध केला होता. शाहबानोंचे वकील दानियल लतीफी यांनीच त्या कायद्याला आव्हान दिले आणि २००१ साली न्यायालयाने त्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावला. १० जुलै २०२४ च्या निकालाने, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही सर्वसामान्य फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते, हे निर्विवाद केले. जे या प्रश्नाचा उपयोग एका धर्माला झोडपण्यासाठी करतात, त्यांनी हिंदू परित्यक्तांच्या पोटगीची किती थकबाकी आहे तेही पाहावे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. २००१ पर्यंत महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती त्या वर्षी गेली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली घालून दिले. एक खाचखळगा मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे: थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. समेट होईल, गावकरी सांगतील, तो परत येईल, या आशेवर वर्ष उलटते आणि त्या काळातील रकमेसाठी वॉरंट निघत नाही.

आणि समेट कोण घडवून आणतो? कित्येकदा आपलेच साथी. एखाद्या कार्यकर्त्याच्या पत्नीने पोटगीचा अर्ज केला, की शाखेत शांतता पसरते. "घरचा मामला" म्हणून विषय टाळला जातो, किंवा तिला समजावण्यासाठी दोन ज्येष्ठ साथी पाठविले जातात. त्याला समजावण्यासाठी कोणी जात नाही. मुद्रांक घेऊन येणारा मुकादम आणि समेट घेऊन जाणारे आपले हे साथी, यांच्यात त्या स्त्रीला काय फरक दिसत असेल, याचा प्रामाणिक विचार झाला पाहिजे.

हा सुधारणावाद आहे काय?

काही साथींचा आक्षेप असा की, कायदा हा भांडवलदारवर्गाचा आहे. दावे भरून देणे हे पक्षाचे काम नव्हे. त्यातून क्रांतिकारी जाणीव येत नाही, फक्त लाभार्थी तयार होतात. या आक्षेपातील सत्यांश नाकारता येत नाही. कायदा वर्गनिरपेक्ष नाही. १८३७ साली इंग्लंडच्या न्यायालयाने, मालकाच्या नोकरीत जोखीम आहे हे कामगाराला ठाऊकच असते, अशा तर्काने भरपाई नाकारली आणि पुढे साठ वर्षे तो तर्क मालकांची ढाल बनला. १८९७ चा इंग्लंडमधील भरपाई कायदा आणि आपल्याकडील १९२३ चा कायदा हे मालकांच्या दयेतून आलेले नाहीत. संघटित कामगारवर्गाच्या दडपणातून ते आले. जे लढून मिळविले ते अज्ञानामुळे सोडून देणे, याला क्रांतिकारकत्व म्हणता येणार नाही. १८६४ साली पहिल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेच्या वेळी मार्क्सने दहा तासांच्या कायद्याला तत्त्वाचा विजय मानले होते, हे या साथींनी आठवावे.

आपल्या चळवळीच्या इतिहासातही याला आधार आहे. १९५७ च्या केरळमधील नंबुद्रीपाद मंत्रिमंडळात कायदामंत्री असलेले कृष्ण अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७३ साली त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने गरिबांसाठी विधी साहाय्याचा आराखडा दिला. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या १२ व्या कलमाखाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक तालुका न्यायालयात त्याची समिती असते. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. टक्केवारीवर दावा घेणाऱ्या वकिलाकडे विधवेला नेण्यापूर्वी शाखेने तिला येथे न्यावे.

मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. लोकअदालतीतील निवाड्यावर अपील नाही. प्रकरणांचा निपटारा दाखविण्याच्या घाईत पंधरा लाखांचा दावा चार लाखांत मिटविण्याचा आग्रह होऊ शकतो. "आज घ्या, नाहीतर दहा वर्षे लागतील" या वाक्यापुढे भुकेलेले घर नमते. तेव्हा लोकअदालतीत जाण्याआधी वर दिलेला हिशेब वारसाच्या हाती कागदावर लिहून दिलेला असावा.

शाखांचे काम

यासाठी मोठी कचेरी नको. प्रत्येक शाखेत एका साथीने, आणि शक्यतो एका महिला साथीने, हे काम अंगावर घ्यावे. बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येकाकडून मालकाचे व मुकादमाचे नाव, कामाची जागा, ठरलेले वेतन आणि घरातील माणसांची नावे एका वहीत लिहून घ्यावीत. जेथून माणसे जातात त्या गावची शाखा आणि जेथे ती राबतात त्या शहरातील शाखा यांच्यात पत्रव्यवहार असावा. सुरत, बेळगाव, हैदराबाद, इंदूर, बडोदे येथील मराठी साथींनी दुभाष्याचे काम करावे, कारण पोलिसांचा पंचनामा गुजरातीत वा कन्नडमध्ये असला म्हणजे गावातल्या माणसाला तो मुका असतो. अपघात घडताच प्रथम खबर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती मिळवाव्यात, आयुक्ताला पत्र धाडावे आणि मुदतीची तारीख वहीत लाल शाईने नोंदवावी. या कामाबद्दल एक पैसाही घेऊ नये, वर्गणी म्हणूनसुद्धा नाही. ज्या दिवशी शाखा टक्केवारी घेईल त्या दिवशी तिच्यात आणि दलालात अंतर उरणार नाही.

वेतनमर्यादा रद्द करा, सहा महिन्यांची मुदत काढून टाका, विस्थापन भत्ता परत आणा, या मागण्या सभांमधून आणि संसदेतून मांडल्याच पाहिजेत. पण ज्या शाखेने आपल्या वस्तीतील एकाही विधवेला आयुक्ताच्या दारापर्यंत नेलेले नाही, तिच्या घोषणेत बळ येणार नाही.

मुकादम पुन्हा येईल. पाकीट, मुद्रांक आणि दोन वजनदार माणसे बरोबर असतील. त्या वेळी त्या घरात आपला एखादा साथी बसलेला असेल काय, आणि "बाई, अंगठा देऊ नका" एवढे चार शब्द तो उच्चारील काय, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही. ते आपल्या शाखांनीच दिले पाहिजे.